गांजा, वेडाचे दाखले आणि चोवीस तास

व्यसनी माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध उपचारगृहात ठेवावे काय? अमली पदार्थांची एखादी मोठी बातमी आली की हा प्रश्न नव्याने विचारला जातो. जबलपूरला मात्र तो जुना आहे. येथील सदर हा छावणीचा बाजार (नागपूरकरांनी आपल्या सदराशी गल्लत करू नये). १८१७ च्या डिसेंबरात भोसल्यांकडून हे शहर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे मध्य प्रांतात वेड्यांची दोन सरकारी इस्पितळे उभी राहिली, एक नागपुरास आणि दुसरे जबलपुरास.

या इस्पितळांत माणूस कसा पोहोचे, हे पाहण्याजोगे आहे. १८५८ च्या ३६ व्या कायद्यानुसार रस्त्यावर भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पोलीस मॅजिस्ट्रेटपुढे उभा करीत. डॉक्टरचा दाखला मिळाला की त्याची रवानगी होई. स्वतःहून उपचार मागणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळी वाट नव्हती. रुग्णाबरोबर पोलिसांनी भरलेला एक तक्ता जाई आणि त्यात वेडाचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असे. त्या रकान्यात वारंवार एकच शब्द पडे : गांजा. गंमत अशी, की याच प्रांतात खांडव्याच्या परिसरात सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे आणि त्यावरचा कर सरकारी तिजोरीत जमा होई. एका कचेरीने परवाना द्यायचा आणि दुसरीने त्याच मालाचे नाव वेडाच्या तक्त्यात लिहायचे, असा हा कारभार होता.

१८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने या रकान्याची झडती घेतली. ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविणारा हा आयोग आपल्याकडे फारसा आठवला जात नाही. माझ्या मते वैद्यकीय आकडेवारी कशी तपासावी याचा तो उत्तम धडा आहे. १८९२ साली हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १३४४ जण दाखल झाले होते आणि त्यांतील २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग वा चरस हे कारण नोंदलेले होते. आयोगाने एकेका रुग्णाची पुन्हा चौकशी केली तेव्हा ९८ प्रकरणेच टिकली. त्यांतही केवळ ६१ ठिकाणी हे पदार्थ एकटे कारण मानता येत होते. अनेक ठिकाणी डॉक्टरांनी पोलिसांचा शेरा तसाच उतरवून घेतला होता. म्हणजे कोंडण्याचा आधार निदान नसून एका शिपायाचा अंदाज होता. अर्थात ही कहाणी वेडाच्या दाखल्यांची आहे, व्यसनाच्या उपचारांची नव्हे. पण माणसाला बंदिस्त करण्याचा निर्णय कोण आणि कशाच्या बळावर घेतो, हा पेच दोन्हीकडे एकच आहे.

१९१२ च्या लुनसी कायद्यात एक छोटीशी खिडकी उघडली. उपचारांची इच्छा असलेल्या माणसाला इस्पितळाच्या दोन अभ्यागतांच्या संमतीने निवासी म्हणून ठेवता येऊ लागले. त्याने जाण्याची लेखी सूचना दिली, की चोवीस तासांपलीकडे त्याला अडविता येत नसे.

अमेरिकेने उलट प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. १९३५ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टन येथे उघडलेल्या नार्कोटिक फार्ममध्ये कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण एकाच छताखाली राहत. बाहेर पडल्यावर बहुतेक जण पुन्हा अफूजन्य पदार्थांकडे वळले. मात्र जॉर्ज व्हॅलंट यांनी तेथील रुग्णांचा बारा वर्षे मागोवा घेतला, तेव्हा सक्तीच्या विरोधकांना अडचणीत टाकणारी गोष्ट दिसली : थोड्या दिवसांच्या स्वेच्छा-उपचारांपेक्षा, कैदेनंतर दीर्घकाळ पॅरोलच्या देखरेखीखाली राहिलेल्यांची स्थिती बरी होती. मला यात महत्त्वाची वाटते ती भिंत नव्हे, भिंतीबाहेरची देखरेख. निव्वळ कोंडण्याचा निकाल मलेशियात दिसला. २०१७ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासात सक्तीच्या केंद्रातून सुटलेल्यांचा पुन्हा अफूजन्य पदार्थांकडे वळण्याचा मध्यक काळ ३१ दिवस होता, तर मेथाडोनसह स्वेच्छा-उपचार घेणाऱ्यांचा ३५२ दिवस. दोन्ही गट चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, त्यामुळे सगळे श्रेय संमतीला देता येणार नाही. मेथाडोनचा वाटाही मोठा असणार. तरी एक धोका शरीरशास्त्रच सांगते. बंद काळात शरीराची सहनशक्ती उतरते आणि सुटल्यावर घेतलेली जुनीच मात्रा जीवघेणी ठरू शकते.

आपल्याकडे २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी मदत केली. जेथे माणसे पाठविली जात त्या आवारात व्यसनमुक्त झालेल्यांनीच नव्यांना हात द्यावा, ही रीत तेथे रुजली. त्याच्या आदल्या वर्षीच्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ३९ नेही न्यायालयाला दोषी व्यसनीस उपचारांसाठी सोडण्याची मुभा दिली आहे, मात्र त्याच्या संमतीनेच.

मग मुलगा येतच नाही म्हणतो, तेव्हा आईबापांनी काय करावे? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही मानसिक आजारात धरतो. कलम ८९ नुसार, निर्णयासाठी मोठ्या आधाराची गरज असलेल्या रुग्णाला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यासाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि स्वतःला वा इतरांना इजा होण्याचा, किंवा स्वतःची काळजीच घेता न येण्याचा धोका नोंदवावा लागतो. स्वतःहून आलेल्या रुग्णाला मात्र निघायचे असेल, तर तपासणीसाठी त्याला थांबविण्याची मुदत कलम ८८ मध्ये घातली आहे. ती आजही चोवीस तासांचीच आहे.