शेजाऱ्यांचीं मंडळें : तीं निघतात कशीं आणि टिकतात कशीं

माझ्या घरच्या फडताळांत एक जुनी जमाखर्चाची वही आहे. गिरगांवांतील ज्या वाडींत माझें बालपण गेलें आणि शाळामास्तरकीचीं बहुतेक वर्षेंहि गेलीं, त्या वाडीच्या मंडळाची ती वही. तिचीं पहिलीं साठ पानें भरलेलीं आहेत. पुढचीं सर्व कोरीं. भरलेलीं पानें वाचतांना मन प्रसन्न होतें आणि कोरीं पानें पाहिलीं कीं मान खालीं जाते. कारण वही बंद पडली त्या वेळीं मंडळाचा चिटणीस मीच होतों. ती हकीकत मी शेवटीं सांगेन. आज मुख्यतः सांगावयाचें तें असें, कीं एका जागीं राहणाऱ्या माणसांनीं एकत्र जमून आपल्या वस्तीचें काम आपण पाहावें, हा उद्योग मुंबई शहरांत कसा वाढला, कोठें अडला, आणि त्यापासून आपण कोणता धडा घ्यावा.

गांवाची गोष्ट निराळी होती. गांवांत पाटील, कुळकर्णी, बलुतेदार हे पूर्वापार ठरलेले असत. शेजार कोणाचा आणि काम कोणाचें, याचा निकाल जन्मानेंच लागलेला असे. आणि त्या निकालांत अन्यायहि थोडा नव्हता. शहरांत तसें नाहीं. मुंबईंत कोंकणांतून, घाटावरून, काठेवाडांतून, कारवार-मंगळुराकडून जो तो पोटासाठीं आला आणि जेथें खोली मिळाली तेथें राहिला. भिंतीपलीकडचा माणूस कोण हें त्याला ठाऊक नसे; नळ मात्र दोघांचा एकच. तेव्हां शहरांतील शेजारधर्म वारशानें मिळत नाहीं, तो घडवावा लागतो, ही गोष्ट प्रथम ध्यानांत धरली पाहिजे.

तो घडविला नसला म्हणजे काय होतें, हें १८९६ सालीं दिसून आलें. त्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांतील रोगी तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय गृहस्थांनीं प्लेग ओळखला. १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारी पथकें घरोघर शिरून झडत्या घेऊं लागलीं. रोग खरा होता, आणि उपायहि सर्वच निरर्थक होते असें नाहीं. परंतु दारांत येऊन उभा राहणारा माणूस परका होता. त्याची भाषा परकी, त्याचा पोषाख शिपायाचा, आणि त्याला घरांतील सोंवळें-ओंवळें, पडदा, दुखणें यांची यत्किंचित् जाण नव्हती. पुण्यांत लोकांचा संताप २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबांच्या वधापर्यंत गेला. मुंबईंत मार्च १८९८ मध्यें मदनपुऱ्यांत एका विणकर मुसलमान कुटुंबांतील आजारी मुलीस तपासण्याच्या प्रसंगावरून दंगा पेटला. त्यानंतर सरकारनें सक्ती सैल केली आणि निरनिराळ्या समाजांतील वजनदार माणसांचें साह्य अधिक घेतलें. जी सूचना शिपायाच्या तोंडून अपमान वाटत होती, तीच शेजाऱ्याच्या तोंडून काळजीची वाटूं शकते, हें कळण्यास एवढी किंमत द्यावी लागली.

मग त्या काळीं मुंबईंत शेजाऱ्यांचीं मंडळें नव्हतींच काय? होतीं, पण तीं बहुधा सणापुरतीं किंवा गांवापुरतीं होतीं. १८९३ सालीं लोकमान्य टिळकांनीं गणेशोत्सवास सार्वजनिक रूप देण्याचा जो पुरस्कार केला, त्याच वर्षीं गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत असा उत्सव सुरू झाला. या उत्सवांतून चाळींना एक शिक्षण मिळालें, त्याचा उल्लेख फारसा कोणी करीत नाहीं. वर्गणी कशी मागावी, पावती कशी फाडावी, कामें कशीं वांटून द्यावींत आणि शेवटीं हिशेब कसा मांडावा, हें सामान्य कारकुनांनीं व कामगारांनीं तेथें शिकून घेतलें. तसेंच गिरणगांवांत एकेका गांवच्या माणसांनीं मिळून खोली घ्यावी, भाडें वांटून द्यावें आणि आजारी गांवकऱ्यास घरीं पोंचवावें, ही रीत रूढ झाली. तिनें हजारों एकट्या पुरुषांना आधार दिला. तथापि उत्सव दहा दिवसांचा, आणि गांवची खोली गांवापुरती. समोरच्या गटाराचें काय, हा प्रश्न दोहोंच्याहि बाहेर राही.

या प्रश्नाला हिशेबी उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न १९१५ सालीं गांवदेवी येथें झाला. प्लेगनंतर १८९८ सालीं मुंबईंत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला होता. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते करावे आणि नवीन जागा मोकळ्या कराव्या, हें त्याचें काम. पण पाडलेल्या घरांतील माणसांनीं जावें कोठें? मध्यमस्थितींतील कारकुनाला घर बांधणें एकट्यानें शक्य नव्हतें. १९०४ च्या सहकारी कायद्यानें केवळ पतपेढ्यांना परवानगी होती. १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाहि वाट मोकळी झाली. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनीं १९०६ सालीं आपल्या गुरूंच्या नांवानें शामराव विठ्ठल ही सहकारी पेढी काढली होतीच. त्यांच्याच पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. मुंबईंतील अशा प्रकारची ही पहिली संस्था होय. ताडदेवच्या तालमकीवाडीला त्यांचेंच नांव आहे.

या संस्थेची रचना समजून घेण्याजोगी आहे. सभासदानें भाग घ्यावयाचे. इमारत मात्र कोणा एकाची नव्हे, तर संस्थेची. राहणारानें भाडें द्यावयाचें तें घरमालकाला नव्हे, आपल्याच संस्थेला. म्हणजे एकच माणूस भाडेकरूहि झाला आणि मालकहि झाला. गळणारें छप्पर ही आतां दुसऱ्याविरुद्ध करावयाची तक्रार राहिली नाहीं, तें आपलेंच काम झालें. शिवाय कायद्यानें हिशेबाची तपासणी दर वर्षीं व्हावयाचीच. मंडळाच्या जीवांत जीव घालणारी गोष्ट कोणती म्हणाल, तर ही तपासणी. जेथें हिशेब उघडा असतो तेथें रागाला जागा असली तरी संशयाला जागा उरत नाहीं.

परंतु याच यशांत एक उणीव होती, ती झांकून ठेवणें इतिहासाला शोभणार नाहीं. संस्था एका ज्ञातीच्या आधारानें उभी राहिली. एकमेकांची ओळख होती म्हणून विश्वास होता, आणि विश्वास होता म्हणून पैसा जमला. आरंभीं तसें होणें स्वाभाविक होतें. पण तीच वहिवाट पुढें ठिकठिकाणीं पडली, आणि शहरांतहि जन्मावरूनच शेजार ठरूं लागला. अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं असा निर्णय दिला, कीं सभासदत्व आपल्या समाजापुरतें ठेवण्याचा संस्थेचा पोटनियम कायद्याविरुद्ध नाहीं. कायदा काय म्हणतो तें न्यायालयानें सांगितलें. शेजारधर्म काय म्हणतो, हें आपणांस आपल्या मनाशीं ठरवावें लागेल. ज्यानें महार म्हणून गांवाबाहेर दिवस काढले, त्याला शहरांतहि दार बंदच मिळालें तर त्यानें शहरांत यावें कशाला? डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या ट्रस्टच्या चाळींत कित्येक वर्षें राहिले, आणि १९२४ सालीं स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्याच दामोदर हॉलमध्यें होती. तो हॉल ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगचा. कामगारांसाठीं वाचनालय आणि रात्रीची शाळा चालविणाऱ्या संस्थेच्या छपराखालीं बहिष्कृतांच्या सभेला बसावयास जागा मिळाली, यांत मला खऱ्या शेजाराचा अर्थ दिसतो.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. भिवंडी हें मागांचें गांव. १९७० आणि १९८४ सालीं तेथें भीषण दंगे झाले. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनीं तेथें मोहल्ला समित्या काढल्या. त्यांत हिंदु आणि मुसलमान दोघेहि असत, आणि केवळ पुढारी नव्हे तर साधीं माणसेंहि असत. समित्या दंग्याची वाट पाहत बसल्या नाहींत. नळावरचें भांडण, दिवा, रस्ता, टवाळ पोरें असल्या बारीकसारीक गोष्टींसाठीं माणसें वारंवार एकत्र बसत. पुढें डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतां भिवंडी शांत राहिली. हें पाहून मुंबईंतहि १९९४ सालीं मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. यांतील मर्म असें, कीं संकटाच्या रात्रीं ओळख करून घेतां येत नाहीं. ती आधीं, कांहीं काम नसतांना, करून ठेवावी लागते.

दुसरें उदाहरण घाटकोपरच्या जोशी लेनचें. १९९७ च्या सुमारास तेथील रहिवाशांनीं ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा ठेवून आपली गल्ली स्वच्छ करण्याचें ठरविलें. महानगरपालिकेनें ही रीत उचलून धरली आणि 'प्रगत परिसर व्यवस्थापन' या नांवानें ती शहरांतील अनेक गल्ल्यांत नेली. कांहीं ठिकाणीं ती रुजली, कांहीं ठिकाणीं दोन-चार वर्षांत सुकून गेली. जेथें रहिवाशांनीं आपल्या गरजेपोटीं मंडळ काढलें होतें, तेथें अधिकारी बदलला तरी काम चाललें. जेथें केवळ अधिकाऱ्याच्या उत्साहानें फलक लागला होता, तेथें त्याच्या बदलीबरोबर मंडळाचीहि बदली झाली! सरकारनें साह्य अवश्य करावें. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असें सांगितलेंच आहे. पण रोपट्याला पाणी घालणें निराळें आणि तें उपटून आपल्या कुंडींत लावणें निराळें.

आतां माझ्या वहीची हकीकत. आमच्या वाडींत वरच्या मजल्यावर पाणी चढेना, म्हणून आम्हीं वर्गणी काढून पंप बसविला. त्यांतूनच मंडळ निघालें. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं सर्वांनीं चौकांत जमावें आणि चिटणीसानें हिशेब मोठ्यानें वाचावा, असा नियम होता. कित्येक वर्षें तो पाळला गेला. मी चिटणीस झाल्यावर मला वाटलें, विजेचें बिल आणि पंपाची दुरुस्ती यांपलीकडे वाचावयाचें आहे काय? मीं वाचन बंद केलें आणि "ज्याला पाहावयाची असेल त्यानें घरीं येऊन वही पाहावी," असें सांगितलें. शाळामास्तरांच्या घरीं हिशेब तपासावयास कोण येणार? पैची अफरातफर झाली नाहीं, हें मी शपथेवर सांगतों. पण कुजबूज सुरू झाली. याहून मोठी चूक दुसरीच होती. मागच्या अंगाला पत्र्याच्या खोल्यांत चार कुटुंबें राहत होतीं. त्यांची वर्गणी निम्मी, म्हणून त्यांना सभेचें बोलावणें आम्हीं कधींच धाडलें नाहीं. एका उन्हाळ्यांत पाणी कमी झालें, तेव्हां प्रथम त्यांचाच नळ बंद करण्याचें ठरलें, आणि तो ठराव मींच लिहिला. त्यांतील एक वृद्ध बाई माझ्या दारांत येऊन एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, आम्हांला नुसतें विचारलें असतें तरी आम्हीं हो म्हटलें असतें." मला उत्तर देतां आलें नाहीं. त्या वर्षानंतर वर्गणी कोणी दिली नाहीं. पंप बिघडला तो बिघडलेलाच राहिला.

श्रोतेहो, शंभर वर्षांचा इतिहास जें सांगतो तेंच त्या बाईंनीं एका वाक्यांत सांगितलें. मंडळ काढावयाचें असेल तर एका लहानशा, सर्वांच्या डोळ्यांना दिसणाऱ्या गरजेपासून काढावें. भेटण्याचा वार ठरवावा आणि काम नसलें तरी भेटावें. हिशेब मागितल्याशिवाय वाचून दाखवावा. एकच माणूस वर्षानुवर्षें चिटणीस राहूं देऊं नये, मग तो माझ्यासारखा मास्तर कां असेना. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्याचें दार सर्वांत शेवटचें आणि ज्याची वर्गणी सर्वांत कमी, त्याला बोलावणें सर्वांत आधीं जावें.

माझ्या वहीचीं उरलेलीं पानें अजून कोरींच आहेत. आपल्यापैकीं कोणाच्या आळींत, वाडींत किंवा इमारतींत अशी एखादी वही फडताळांत पडली असेल, तर येत्या रविवारीं ती बाहेर काढावी, शेवटच्या दारापासून बोलावण्यास आरंभ करावा, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.