मोळीची नोंद

१९९८ च्या जानेवारी ते जून या सहा महिन्यांत राष्ट्रीय नमुना पाहणीचे कर्मचारी देशातल्या पाच हजारांहून अधिक खेड्यांत फिरले. सुमारे ७९ हजार ग्रामीण कुटुंबांच्या दारात बसून त्यांनी प्रश्न विचारले. सरपण कुठून आणता? जनावरे कुठे चरतात? वर्षभरात रानातून काय काय गोळा केले? पिण्याचे पाणी कुठले? घरात शौचालय आहे का? ही पाहणीची चौपन्नावी फेरी होती. सरकारी माणूस दारात आला की तो शेतसारा, कर्ज किंवा रेशनकार्ड याबद्दलच विचारणार, अशी खेड्यातल्या माणसांना सवय असते. वाळक्या काटक्यांचा हिशेब विचारणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असणार.

आमच्या दादीच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. पण ओढ्याकाठच्या बाभळी, टेकाडावरचे गवत आणि वाटेवर पडलेले शेण यांवर तिची चूल पेटत असे आणि दोन शेळ्या जगत असत. तिला कोणी विचारले असते, ‘तुमच्याकडे काय आहे?’ तर ती म्हणाली असती, ‘काही नाही.’ पण ‘चूल कशावर पेटते?’ असे विचारले असते, तर उत्तर अर्धा तास चालले असते. पाहणीत कोणता प्रश्न विचारला जातो, यावर कोण दिसणार आणि कोण अदृश्य राहणार हे ठरते. हा इतिहास मला म्हणूनच सांगावासा वाटतो.

सर्व्हे नंबर आणि पडीक

दख्खनच्या गावांची आधुनिक मोजणी इंग्रजांनी केली. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून सुरू केलेल्या पद्धतीत जमिनीचे नंबर पडले, प्रत, आकार आणि खातेदार ठरले. ही मोजणी महसुलासाठी होती. ज्या जमिनीतून सारा येतो ती महत्त्वाची, उरलेली पडीक. पण गावाच्या दृष्टीने ती जमीन कधीच पडीक नव्हती. तिथे गुरे चरत, सरपण मिळे, कुंभाराला माती मिळे, धनगरांचे कळप उतरत.

१८७८ च्या वन कायद्यानंतर यातला मोठा भाग जंगल खात्याकडे गेला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे मांडताना गायराने जंगल खात्याने बळकावल्याची तक्रार नोंदवली आहे. पाहणीचा तक्ता हाती नसतानाही फुल्यांना जे दिसले, ते महसुलाच्या वह्यांत दिसत नव्हते.

पुढे घरोघर जाऊन माहिती गोळा करण्याची परंपरा महाराष्ट्रातच जोमाने वाढली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला आणि जातेगाव बुद्रुकचा १९२१ मध्ये. जमिनीचे तुकडे किती झाले, कर्ज किती, कुटुंबाचा जमाखर्च जुळतो की नाही, हे त्यांनी तपासले. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी हे काम पुढे नेले. १९४९ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तिच्यात गाडगीळ एक सदस्य होते. त्या काळातच नमुना पाहणीची कल्पना आकाराला आली आणि १९५० च्या ऑक्टोबरमध्ये पहिली फेरी सुरू झाली.

या सगळ्या पाहण्यांचे ऋण मोठे आहे. तरीही त्यांचा भर कुटुंबाच्या मालकीवर, पिकावर, मजुरीवर आणि खर्चावर होता. जे सगळ्यांचे म्हणून कोणाच्याच खात्यावर नाही, ते रकान्यांच्या मधल्या फटीतून गळत राहिले.

कागदावर एक, वापरात दुसरे

ही फट अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी ठळकपणे दाखवली. सात राज्यांतल्या कोरडवाहू भागातील ऐंशीहून अधिक गावांचा त्यांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीच्या दशकापासून या गावांतली सामाईक जमीन ३१ ते ५५ टक्क्यांनी घटली होती. आणि गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १५ ते २३ टक्के भाग अशा सामाईक साधनांतून येत होता. सामाईक जमिनीचे वाटप बहुतेक वेळा गरिबांच्या नावाने झाले. पण वाटलेल्या जमिनीतला मोठा हिस्सा आधीच जमीन असलेल्यांकडे गेला, असेही त्यांना आढळले.

हाच प्रश्न चौपन्नाव्या फेरीने देशपातळीवर नेला. सुरुवातीलाच अडचण आली: सामाईक म्हणजे नेमके काय? पाहणी करणाऱ्यांनी यावर दोन व्याख्या वापरल्या. गावात सामाईक जमीन किती आहे हे मोजताना कागद पाहिला. जी जमीन पंचायतीकडे किंवा गावसमूहाकडे रीतसर आहे तेवढीच धरली. पण लोक काय गोळा करतात हे विचारताना कागद बाजूला ठेवला. जमीन महसूल खात्याची असो, जंगलाची असो की खासगी. गाव तिचा रिवाजाने वापर करत असेल तर ती मोजायची.

कागदाच्या हिशेबाने सामाईक जमीन देशाच्या एकूण भौगोलिक क्षेत्राच्या सुमारे १५ टक्के निघाली. वापराच्या हिशेबाने ४८ टक्के ग्रामीण कुटुंबे सामाईक साधनांतून काही ना काही गोळा करत होती. या साऱ्याचे मोल एका कुटुंबामागे वर्षाला सरासरी ६९३ रुपये आणि त्यातला ५८ टक्के वाटा एकट्या सरपणाचा. कुटुंबाच्या एकूण खर्चाशी ताडून पाहिले तर हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास येते.

३ टक्के हा आकडा पाहून कोणी म्हणेल, एवढ्याशासाठी गायराने कशाला राखायची? पण ही सरासरी आहे. तिच्यात गॅसवर स्वयंपाक करणारा बागाईतदार आहे आणि मोळी विकून मीठमिरची आणणारी बाईही आहे. जोधांनी पाहिले ते कोरडवाहू भागातल्या गरिबांचे उत्पन्न, फेरीने मोजला तो सगळ्या ग्रामीण भारताचा खर्च. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र गायरानाचे भवितव्य ठरवताना फक्त दुसराच वाचला, तर मोळीवाली पुन्हा एकदा हिशेबातून गळते.

कागद आणि वहिवाट यांतले अंतर नेहमी एकाच दिशेने नसते. महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण घ्या. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले केले. कागदावर पाणी सगळ्यांचे झाले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह ओंजळभर पाणी पिईपर्यंत ते सगळ्यांचे नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन मंडपासाठी दिली. न्यायालयीन लढा मुंबई उच्च न्यायालयात १९३७ मध्ये संपला. समजा १९२५ साली एखाद्या पाहणी करणाऱ्याने महाडात विचारले असते, ‘तळे सार्वजनिक आहे का?’ तर उत्तर ‘हो’ आले असते. ‘तुम्ही तिथले पाणी भरता का?’ हा प्रश्न विचारला असता तरच खरे कळले असते.

पाणी, चारा आणि अग्नी यांत सगळे भागीदार आहेत, अशा आशयाची हदीस आपल्या घरांत अनेकांनी ऐकलेली असते. त्या यादीतल्या तिन्ही गोष्टी चौपन्नाव्या फेरीच्या तक्त्यात होत्या. भागीदारी मान्य करणे सोपे. भागीदाराला खरोखर वाटा मिळतो का, हे तपासायला मात्र त्याच्या दारात जावे लागते.

शेजाऱ्याचे शौचालय

त्याच फेरीत पाणी, शौचालय आणि स्वच्छता यांचीही पाहणी झाली. पाचपैकी चारांहून अधिक ग्रामीण कुटुंबांत शौचालय नव्हते. २००१ च्या जनगणनेतही शौचालय असलेली ग्रामीण घरे सुमारे २२ टक्केच भरली. वरवर पाहता शौचालय ही अगदी खासगी बाब, गायरानाशी तिचा काय संबंध? पण उघड्यावरची घाण पावसाच्या पाण्यातून, माश्यांमधून, अनवाणी पायांतून सगळ्या गावात फिरते. माझ्या घरात शौचालय असून शेजारी उघड्यावर जात असेल, तर माझे मूलही आजारी पडते. म्हणजे गावाची स्वच्छता हीदेखील सामाईक मालमत्ताच.

इथे आपल्या समाजाशी संबंधित एक अभ्यास सांगायला हवा. भारतात मुस्लिम कुटुंबे सरासरीने अधिक गरीब आणि कमी शिकलेली असूनही त्यांच्यातले बालमृत्यू हिंदू कुटुंबांपेक्षा कमी, हे कोडे संशोधकांना बरीच वर्षे पडले होते. मायकेल जेरुसो आणि डीन स्पिअर्स यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून त्याचे उत्तर शोधले. मुस्लिम कुटुंबांत शौचालयाचा वापर अधिक आहे आणि जगण्यातला फरक त्यातूनच येतो. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: फरक पडतो तो आजूबाजूच्या वस्तीमुळे. शेजारी शौचालय वापरत असतील तर मूल कोणत्याही धर्माचे असो, त्याची जगण्याची शक्यता वाढते. यात मिरवण्यासारखे काही नाही. एकमेकांची मुले एकमेकांच्या सवयींवर जगतात, एवढेच हे आकडे सांगतात.

प्रश्न कसा विचारला यावर इथेही सारे अवलंबून असते. २०१४ मध्ये उत्तर भारतातल्या पाच राज्यांत झालेल्या एका पाहणीत ‘घरात शौचालय आहे का?’ एवढ्यावर न थांबता घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल विचारले गेले. चालू शौचालय असलेल्या ४० टक्क्यांहून अधिक घरांत किमान एक जण तरी उघड्यावर जात होता. कुटुंब मोजले की हे दिसत नाही, माणूस मोजला की दिसते.

२०१८ च्या उत्तरार्धात नमुना पाहणीच्या शहात्तराव्या फेरीत ७१.३ टक्के ग्रामीण कुटुंबांना शौचालय उपलब्ध असल्याचे आढळले. अहवालात एक प्रामाणिक कबुलीही होती. सरकारी योजनेचा लाभ मिळाला का, हा प्रश्न शौचालयाच्या प्रश्नाआधी विचारला गेल्याने उत्तरांवर परिणाम झालेला असू शकतो. ‘शौचालय आहे’ म्हटले तर लाभ हातचा जाईल, अशी शंका एखाद्या घराला आली असेल. नुसता क्रम बदलला तरी उत्तर बदलू शकते, हे त्या मोजणाऱ्यांनीच सांगून ठेवले.

सुविधांबद्दलचा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला की काय दिसते, याचे उदाहरण २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आहे. गावात शाळा आहे का, दवाखाना आहे का, ही माहिती जनगणनेत पूर्वीपासून होती. समितीने ती गावातल्या मुस्लिम लोकसंख्येच्या प्रमाणाशी जोडून वाचली. तेव्हा कळले की मुस्लिम लोकसंख्या मोठ्या प्रमाणात असलेल्या लहान गावांपैकी जवळपास एक तृतीयांश गावांत एकही शिक्षणसंस्था नाही आणि अशा मोठ्या गावांपैकी सुमारे ४० टक्के गावांत वैद्यकीय सोय नाही. आकडे जुनेच होते, वाचणाऱ्याने प्रश्न नवा विचारला.

निस्तार पत्रक

सामाईक साधनांची चौपन्नाव्या फेरीसारखी सर्वंकष देशव्यापी पाहणी पुन्हा झालेली नाही. तलाठ्याच्या दप्तरात अतिक्रमणाची नोंद ठेवायला गाव नमुना १-ई आहे. गायरानातून सरपण नेणाऱ्या बाईची नोंद ठेवणारा नमुना बहुतेक महाराष्ट्रात नाही. त्यामुळे ती जमीन एखाद्या प्रकल्पाला द्यायची वेळ आली, की कागदावर तिथे कोणीच नसते.

विदर्भात मात्र तशी एक वही आहे. तिचे नाव निस्तार पत्रक. गावकऱ्यांनी सरपण, चारा, माती कुठून आणि कोणत्या अटींवर घ्यायची हे त्यात लिहिलेले असते. तिच्या जोडीला वाजिब-उल-अर्ज, म्हणजे वाटा, पाणी, मासेमारी यांच्या रूढींची नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत या दोन्हींना जागा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने असेच निस्तार हक्क धरून ठेवले, आपले जंगल स्वतः सांभाळले आणि २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. हे यश गावाच्या एकजुटीचे आहे. पण एकजुटीला बोट ठेवायला कागदाची एक ओळ लागते, आणि ती ओळ कोणीतरी कधीतरी विचारून लिहून घेतलेली असावी लागते.

याच संहितेच्या कलम २२ मध्ये गायरानाबरोबर दफनभूमी, स्मशान, खळे, बाजार यांसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. कब्रस्तानाच्या नोंदीसाठी आपण तहसीलला खेटे घालतो, आणि ते घालायलाच हवेत. त्याच खेपेला गावाचे गायरान किती होते, आज किती उरले आणि त्यावर कोणाच्या शेळ्या चरतात, हेही विचारून यावे. ग्रामसभेत हा प्रश्न मांडायला कोणत्याही धर्माची अट नाही. दादीची मोळी कोणत्याच वहीत आली नाही. आज मोळी वाहणाऱ्या बाईचे नाव तरी कुठेतरी लिहिले जावे.