तोतया : एका संशयाचा इतिहास

आर. के. पुरमच्या आमच्या जिन्यावर आठ बिऱ्हाडे आहेत आणि त्यांच्या मातृभाषा पाच. कोण कोठून आला, त्याचे वडील काय करीत, गावी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, हे शेजाऱ्यास ठाऊक नसते. खाते, हुद्दा आणि दारावरची पाटी, एवढीच काय ती ओळख. बदलीचा हुकूम आला की पाटी उतरते, नवी चढते. परप्रांतात नोकरी करणाऱ्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. अशा या वस्तीत गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याने 'स्टार ट्रेक' या जुन्या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेचे दोन भाग मला आग्रहाने दाखविले. मनोरंजन म्हणून पाहावयास बसलो आणि उठलो तो थेट पानिपतावर जाऊन.

हे दोन्ही भाग १९६६ सालच्या डिसेंबरात एका आठवड्याच्या अंतराने दाखविले गेले होते. पहिल्यात एका दूरच्या वसाहतीच्या सुभेदाराने अन्नाचा तुटवडा पडला म्हणून चार हजार माणसे ठार करविलेली असतात. पुढे एक जळलेले प्रेत सापडते, ते त्याचेच असे धरून प्रकरण मिटविले जाते. वीस वर्षांनी एक नाटकमंडळी अंतराळयानावर येते आणि तिचा प्रमुख नट तोच सुभेदार असावा असा संशय कप्तानाच्या मनात उभा राहतो. त्याला ओळखू शकणारे थोडेच लोक उरलेले असतात आणि तेही एकामागून एक मारले जात असतात. बापाची ओळख झाकण्यासाठी हे खून पाडणारी निघते ती त्याची मुलगी. दुसऱ्या भागात, ज्या शत्रूचा चेहरा युद्ध होऊनही शंभर वर्षांत कोणी पाहिला नव्हता, तो पडद्यावर दिसतो. पाहावे तर तो यानावरच्या स्पॉक या अधिकाऱ्यासारखाच! त्या युद्धात ज्याचे पूर्वज पडले, तो एक तरुण अधिकारी तेथल्या तेथे स्पॉकला हेर ठरवितो. आणि शेवटी त्याच तरुणाचा जीव स्पॉक वाचवितो. एका भागात संशय खरा ठरतो, दुसऱ्यात खोटा. परंतु दोन्हींत अडचण एकच. यान बंद आहे, त्यातून कोणास बाहेर जाता येत नाही, आणि आत आहेत त्यांतूनच 'हा कोण?' याचा निवाडा करावयाचा आहे.

हा प्रसंग मराठ्यांच्या इतिहासात प्रत्यक्ष घडला. यान नव्हते; पुण्याचे राज्य होते.

१४ जानेवारी १७६१ रोजी, या दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरांवर, सदाशिवरावभाऊ पानिपतच्या गर्दीत दिसेनासे झाले. अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, १७६० च्या ऑगस्टात, त्यांनीच दिल्ली हस्तगत केली होती. लढाईनंतर त्यांचा शोध झाला. सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. धड मिळाले ते शिरावाचून. शिर मागाहून सापडले. मग भाऊसाहेबांना पूर्वी पाहिलेल्या माणसांनी खुणा ताडून पाहिल्या : मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर पूर्वीच्या मारेकऱ्याने केलेल्या वाराचा व्रण, तळपायावर ज्योतिषी शुभ मानतात त्या रेषा. खुणा पटल्या व दहन झाले. आपल्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर 'ओळखीच्या खुणा' असा रकाना असतो. त्यात आपण तीळ नि व्रण लिहितो. हा रकाना किती जुना आहे, ते काशीराजाची हकीकत वाचताना कळते.

खुणा पटल्या तरी पुण्याची खात्री मात्र पटली नाही. याचे कारण शोधू गेल्यास ते खुणांत नाही, साक्षीदारांत आहे. साक्ष देणारे शत्रूच्या छावणीतले होते. सुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने लढला होता. त्याच्या पदरच्या माणसाचा शब्द नर्मदेपलीकडच्या विधवांनी का मानावा? नानासाहेब पेशव्यांना पराभवाची वार्ता कळली तीही सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत, मोती गळाले नि मोहरा हरवल्या अशा आडपडद्याने. ज्या वार्तेला स्वतःचे नाव उघड सांगता येत नाही, तिच्यावर विश्वास ठेवणे कठीणच. त्याच वर्षीच्या २३ जून रोजी नानासाहेब वारले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रणातून जिवंत परत आल्या होत्या. त्यांनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत.

त्यातून, मेले म्हणून ज्यांची आशा सोडली होती अशी माणसे खरोखरच परत येत होती. महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन पडले होते. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना उचलून वाचविले आणि ते आयुष्यभर लंगडत का होईना, पण परत आले. नाना फडणीस तेव्हा एकोणीस वर्षांचेही नव्हते. आपण अंगावरची वस्त्रे टाकून, लंगोटी लावून, कोणास ओळख न देता कसे सुटलो, हे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. जो उद्या राज्याचा कारभारी व्हावयाचा, तो त्या दिवशी एक अनोळखी भिकारी होऊन चालत होता. मग भाऊसाहेबही असेच एखाद्या बैराग्याच्या वेषात हिंडत नसतील कशावरून? हा प्रश्न वेडाचा नव्हता, अनुभवाचा होता.

या प्रश्नाच्या पोटी तोतया जन्मास आला. तो कनोजी ब्राह्मण होता. त्याचे नाव सुखलाल, काही कागदांत सुखनिधान. बुंदेलखंडाच्या बाजूस तो प्रथम प्रकट झाला. चेहरा भाऊसाहेबांसारखा. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याला पकडून आणण्यात आले, चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. माधवरावांनी त्याला मारले नाही. त्यांच्या दराऱ्यापुढे तोतया हा केवळ एक कैदी होता. पुढे एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर करीत अखेर तो रत्नागिरीस येऊन राहिला.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव वारले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव शनिवारवाड्यात मारले गेले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंच्या पोटी सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि चाळीस दिवसांच्या बालकाच्या नावे बारभाईंचा कारभार सुरू झाला. राघोबादादांच्या पक्षाने आवई उठविली की मूल नारायणरावांचे नव्हेच. गडावर आणखी गर्भवती स्त्रिया आणून ठेवल्या होत्या आणि मूल बदलले. इंग्रज दादांच्या बाजूस उभे होते. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला खरा, परंतु कोण कोणाचा माणूस, हे खात्रीने सांगणे कोणालाच शक्य राहिले नव्हते. राज्याचे यान असे बंद झाले होते.

नेमक्या याच वर्षाच्या आरंभी रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैद्याची बेडी तोडली आणि 'हेच भाऊसाहेब' म्हणून त्याला पुढे केले. जो कैदी अनेक वर्षे नुसता बसून होता, तो काही महिन्यांत कोकणातल्या कित्येक किल्ल्यांचा धनी झाला आणि हजारो माणसे त्याच्याभोवती गोळा झाली. त्याचा चेहरा त्या वर्षी अधिक सारखा झाला होता, असे नव्हे. त्याची गरज वाढली होती. ज्याला बारभाई नकोत, त्याला भाऊसाहेब हवे होते. ज्याचा मुलगा पानिपतावर राहिला, त्याला तर ते त्याहूनही हवे होते. भाऊसाहेब परतले तर आपलाही कोणी परतेल, ही आशा ज्या घरात होती, त्या घरात तोतयाला आमंत्रणाची आवश्यकता नव्हती.

तोतया घाट चढू लागला तेव्हा त्याच्यावर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांना पाठविण्यात आले. राजमाचीच्या बाजूस त्याचा मोड झाला. तो बेलापुराकडे पळाला आणि समुद्रमार्गे मुंबईचा आश्रय गाठण्याच्या खटपटीत असता कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांच्या हाती सापडला. त्याला पुण्यास आणले. उघड चौकशी झाली, भाऊसाहेबांना प्रत्यक्ष ओळखणारी माणसे समोर उभी करण्यात आली, आणि १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त शिक्षा झाली. पुढे न. चिं. केळकरांनी या कथेवर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. मराठी प्रेक्षकांच्या मनात तोतया राहिला तो मुख्यतः त्यामुळे.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. १७७६ साली पुण्याच्या सरकारने रयतेकडे दोन गोष्टी एकाच वेळी मागितल्या : पुरंदरावरचे बालक खरे माना, आणि कोकणातला पुरुष खोटा माना. दोहोंनाही आधार एकच होता, माणसांची साक्ष. ती ग्राह्य धरावी तर दोन्हीकडे धरावी लागते, संशय घ्यावा तर दोन्हीकडे घ्यावा लागतो. नाना फडणीसांना हे उमगले असले पाहिजे. कैद्याचा गळा कोकणात गुपचूप दाबणे सोपे होते. त्याला पुण्यात आणून चारचौघांत उभे करणे जोखमीचे. त्यांनी जोखीम पत्करली. गुपचूप मारलेला तोतया पुन्हा जिवंत होतो. पानिपतानंतर कैदेत गुपचूप मारल्या गेलेल्या जनकोजी शिंद्यांचाही तोतया निघालाच होता.

याच्या उलट चित्र दुसऱ्या एका मालिकेत आहे. २००३ साली नव्याने निर्माण झालेल्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'त माणसासारखी दिसणारी यंत्रे यानांच्या ताफ्यात मिसळलेली असतात, आणि त्यांतील काहींना आपण यंत्र आहो हे स्वतःलाही ठाऊक नसते. एक शास्त्रज्ञ रक्ताची कसोटी शोधून काढतो. एका तपासणीस अकरा तास लागतात. ताफ्यात माणसे अठ्ठेचाळीस हजारांच्या घरात. म्हणजे सर्वांची तपासणी व्हावयास सुमारे साठ वर्षे! परंतु खरी मेख पुढेच आहे. एका वैमानिकेच्या बाबतीत कसोटी खरे उत्तर देते आणि तपासणारा, भीतीपोटी, तिला खोटे सांगतो. कसोटी एका माणसाच्या मुठीत बंद राहिली म्हणजे तिच्या अचूकपणाला अर्थ उरत नाही. काशीराजाच्या खुणा बहुधा अचूकच होत्या. त्या पुण्याच्या माणसांसमोर तपासल्या गेल्या नाहीत, एवढाच त्यांचा दोष. आणि त्या दोषाची किंमत राज्याला पंधरा वर्षांनी मोजावी लागली.

तथापि उघड चौकशीचीही एक मर्यादा आहे. तोतया मेला, कोकण शांत झाले, कागद दप्तरी गेले. पार्वतीबाईंनी मात्र सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. १७८३ साली त्या वारल्या, तोवर नाहीत. हा माणूस भाऊसाहेब नव्हे, एवढेच पंचांनी सिद्ध केले होते. भाऊसाहेब नाहीत, हे सिद्ध करणे त्यांच्या हाती नव्हते. सरकार 'हा तो नव्हे' असे सांगू शकते. 'तो आता नाही' हे मानावयाचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे लागते.

माझ्या टेबलावर निवृत्तिवेतनाच्या फायली येतात. दर नोव्हेंबरात वृद्ध माणसे आपण जिवंत असल्याचा दाखला देतात. त्यांत हसण्यासारखे काही नाही, हे मला आता कळते. बेपत्ता कर्मचाऱ्याच्या कुटुंबासाठीही नियम आहे. पोलिसांत तक्रार नोंदविल्यापासून सहा महिन्यांनी कुटुंब-निवृत्तिवेतन मागता येते. कायद्याने मृत्यू गृहीत धरावयास मात्र सात वर्षे जावी लागतात. काही वर्षांमागे अशाच एका प्रकरणात एक बाई आल्या होत्या. कपाळाला कुंकू होते. अर्ज हातात घेऊन त्यांनी मला एकच विचारले, "साहेब, यात ते वारले असे कोठे लिहिलेले नाही ना?"

मी अर्ज पुन्हा वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, त्यांच्यासमोर, मोठ्याने वाचला. तसे कोठेही लिहिलेले नव्हते. 'बेपत्ता' एवढाच शब्द होता. मग त्यांनी सही केली.