कॅमेऱ्यांतील दोन याद्या



डिजिटल कॅमेरा विकत घेतल्यावर त्याच्याबरोबर जी माहितीपुस्तिका मिळते, ती शेवटपर्यंत वाचणारे गृहस्थ फार थोडे. कॅमेऱ्याच्या पाठीवरील ‘मेनू’ नांवाचें बटण दाबलें म्हणजे लहानशा पडद्यावर एक लांबलचक यादी उघडते. तिचे मुख्य भाग दोन. पहिला भाग चित्र घेण्यापूर्वीं करावयाच्या व्यवस्थेचा. त्याला ‘शूटिंग मेनू’ म्हणतात. दुसरा भाग घेतलेलें चित्र पुन्हां पाहण्याचा, राखण्याचा आणि पुसण्याचा. त्याला ‘प्लेबॅक मेनू’ म्हणतात. बहुतेक लोक पहिल्या यादीला भितात आणि दुसरीचा उपयोग फारसा विचार न करतां करतात. माझें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. पहिली यादी भिण्यासारखी नाहीं, कारण तिच्यांतील प्रत्येक ओळ म्हणजे एखाद्या जुन्या प्रश्नाचें तयार उत्तर होय. जपून वागावयाचें तें दुसरीपाशीं. कारण तेथें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि कारखानदारानें आपल्यासाठीं देऊन ठेवलेलें नाहीं. हें कसें, तें कळण्यासाठीं या दोन याद्यांचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहिला पाहिजे.

घेतलेलें चित्र जागच्या जागीं पाहण्याची सोय ही अगदीं अलीकडची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. १८३९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिस येथें लुई दागेर यांची कृति जगापुढें जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडिनाची वाफ धरावयाची, तो पत्रा कॅमेऱ्यांत प्रकाशापुढें ठेवावयाचा आणि मग पाऱ्याच्या वाफेनें त्यावर चित्र उमटवावयाचें, अशी ती कृति होती. चित्र त्याच दिवशीं हातीं येई. पण तें एकुलतें एक. त्याच सुमारास इंग्लंडांत फॉक्स टॅलबट यांनीं कागदावर उलट छायेचें चित्र, म्हणजे निगेटिव्ह, घेऊन तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढण्याची वाट दाखविली. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं कांचेवर कलोडियनचा थर देण्याची पद्धति प्रसिद्ध केली. या पद्धतींत कांच ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे आणि ओली असतांनाच तें धुवावें लागे. म्हणून छायाचित्रकार जाईल तेथें त्याचा काळा तंबू, बाटल्या आणि तबकें त्याच्याबरोबर जात. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रणाची पहिली संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ या नव्या कलेंत रमले, तो काळ हाच.

आतां यांतील मौज पाहा. ओल्या कांचेवर काम करणारा मनुष्य चित्र घेतल्यावर कांहीं मिनिटांतच तें पाहूं शके. बिघडलें असेल, तर कांच खरवडून, धुऊन पुन्हां वापरी. म्हणजे ‘प्लेबॅक’ आणि ‘डिलीट’ या दोन्ही क्रिया त्याच्या तंबूंत होत्या. त्यांना फक्त बटणें नव्हतीं.

चित्रासाठीं वाट पाहणें मागाहून आलें, आणि तें सोयीबरोबर आलें. १८७१ सालीं रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली. कोरडी प्लेट आधीं तयार करून ठेवतां येते आणि सवडीनें धुतां येते. त्यामुळें तंबू सुटला. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यांनीं ‘कोडॅक’ नांवाचा पेटीसारखा कॅमेरा विक्रीस आणला. किंमत २५ डॉलर. आंत १०० चित्रांची गुंडाळी भरलेली. चित्रें संपलीं कीं सबंध कॅमेराच रॉचेस्टर येथील कारखान्याकडे पाठवावयाचा. तेथून चित्रें आणि नवी गुंडाळी भरलेला कॅमेरा परत येई. छायाचित्रण त्या दिवसापासून सामान्य कुटुंबांत शिरलें, पण पाहण्याचा अधिकार मात्र कारखान्याच्या आणि स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलींत गेला. आपल्याकडे लग्नांत भरलेला रोल पुढें बारशापर्यंत कॅमेऱ्यांतच राहिल्याचीं उदाहरणें ज्यांना ठाऊक नाहींत, असे वडीलधारे श्रोते थोडेच असतील.

अंधाऱ्या खोलींत केवळ पाहण्याचें काम गेलें नाहीं. पुष्कळसे निर्णयहि तिकडे गेले. फिल्म किती वेगाची, ती उन्हासाठीं कीं दिव्यासाठीं, छाप गडद काढावी कीं फिकट, हें कांहीं अंशीं कारखाना ठरवी आणि कांहीं अंशीं छाप काढणारा कारागीर ठरवी. हे सगळे निर्णय डिजिटल कॅमेऱ्यांत मालकाकडे परत आले आहेत. शूटिंग मेनू म्हणजे त्या परत आलेल्या निर्णयांची यादी.

उदाहरणार्थ, ‘आयएसओ’ ही ओळ घ्या. प्लेट प्रकाशाला किती लवकर प्रतिसाद देते, हें पूर्वीं प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीप्रमाणें सांगे. इंग्लंडांतील फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघां मित्रांनीं १८९० सालीं निबंध प्रसिद्ध करून प्लेटचा वेग मोजण्याची शास्त्रीय रीत घालून दिली. पुढें जर्मनांनीं एक माप केलें, अमेरिकनांनीं दुसरें केलें, आणि १९७४ सालीं आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेनें तीं दोन्ही एकत्र आणलीं. तेंच हें आयएसओ. फिल्मच्या काळांत एकदां रोल भरला कीं सबंध रोलभर तो आंकडा कायम राही. आतां प्रत्येक चित्राला तो निराळा ठेवतां येतो. मात्र एवढें लक्षांत असावें कीं, आंकडा वाढविल्यानें कॅमेऱ्याची दृष्टि तीक्ष्ण होत नाहीं. मिळालेला क्षीण संकेत फक्त मोठा केला जातो, आणि त्याबरोबर त्यांतील गडबडहि मोठी होते. संध्याकाळच्या चित्रांत रवाळपणा दिसतो, त्याचें कारण हें.

दुसरी ओळ ‘व्हाइट बॅलन्स’ची. ऊन्ह असो कीं विजेचा पिवळा दिवा असो, पांढरें धोतर आपल्या डोळ्यांना पांढरेंच दिसतें. कारण मन तेथें दुरुस्ती करतें. फिल्मला मन नाहीं. म्हणून रंगीत फिल्म दोन जातींची निघे, एक सुमारें ५५०० केल्विनच्या दिवसाच्या प्रकाशासाठीं आणि दुसरी सुमारें ३२०० केल्विनच्या दिव्यासाठीं. मेनूंतील सूर्य, ढग आणि दिवा हीं चिन्हें त्या निवडीचींच वंशज आहेत. तिसरी गोष्ट प्रकाश मोजण्याची. १९३२ सालीं वेस्टन कंपनीचा विजेरी प्रकाशमापक बाजारांत आला. १९७८ सालीं कॅनन कंपनीच्या ‘ए-१’ या कॅमेऱ्यानें शटरचा वेग आणि भिंगाचें छिद्र हीं दोन्ही आपलीं आपण ठरविण्याची सोय केली. आज चक्रावर जें ‘पी’ अक्षर दिसतें, तें त्या सोयीचें. चौथी गोष्ट चित्राच्या स्वरूपाची. ‘रॉ’ ही पूर्वींच्या निगेटिव्हसारखी; तिच्यावरून पुन्हां पुन्हां निरनिराळी छाप काढतां येते. १९९२ च्या मानकाप्रमाणें आंखडून ठेवलेलें ‘जेपेग’ हें तयार छापेसारखें. आटोपशीर, पण त्यांतून जें गळलें तें पुन्हां मिळत नाहीं.

हें सर्व एकदां ओळखीचें झालें कीं पहिल्या यादीचें भय उरत नाहीं. आतां दुसरीकडे वळूं.

वाट पाहण्याचा कंटाळा प्रथम एका लहान मुलीनें बोलून दाखविला. १९४३ सालीं न्यू मेक्सिकोंतील सांता फे येथें एडविन लँड या संशोधकाला त्याच्या तीन वर्षांच्या कन्येनें विचारलें कीं, आतांच काढलेलें चित्र मला आतांच कां दिसत नाहीं? त्या प्रश्नापासून लँड यांनीं पोलरॉइड कॅमेरा सिद्ध केला, आणि १९४८ सालीं तो बॉस्टन येथें विक्रीस आला. सुमारें एका मिनिटांत छाप हातीं पडे.

पुढचें पाऊल रसायनांना रजा देण्याचें होतें. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनीं ‘सीसीडी’ची कल्पना मांडली, तिच्याबद्दल त्यांना २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९७५ सालीं कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनें असल्या सीसीडीच्या साह्यानें हातांत धरतां येण्याजोगा पहिला डिजिटल कॅमेरा बांधला. वजन सुमारें साडेतीन किलो. चित्र १०,००० ठिपक्यांचें. तें कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. पाहावयाचें म्हणजे ती फीत निराळ्या यंत्रांत घालून टेलिव्हिजनच्या पडद्यावर पाहावी लागे. म्हणजे आरंभीं ‘प्लेबॅक’ ही यादींतील ओळ नव्हती. तें एक स्वतंत्र यंत्रच होतें. तें यंत्र कॅमेऱ्याच्या पाठीवर आणून घरोघर पोंचविण्याचें श्रेय जपानच्या कॅसिओ कंपनीच्या ‘क्यूव्ही-१०’ या कॅमेऱ्याला द्यावें लागतें. १९९५ सालीं तो बाजारांत आला. त्याच्या पाठीवर १.८ इंचाचा रंगीत पडदा होता, आणि आंतील स्मृतींत ९६ चित्रें मावत. चित्रें अगदीं सामान्य दर्जाचीं; पण तीं तेथल्या तेथें पाहतां येत आणि नको तीं तेथल्या तेथें पुसतां येत.

पाहण्याविषयीं एक सूचना अवश्य दिली पाहिजे. पडदा नेहमींच खरें सांगत नाहीं. अंधारांत तो उजळ भासतो, उन्हांत काळवंडतो, आणि लहान असल्यामुळें हललेलें चित्रहि रेखीव दाखवितो. यासाठींच प्लेबॅक यादींत ‘हिस्टोग्राम’ ठेवलेला असतो. डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, आणि मध्यें त्या त्या छटेच्या ठिपक्यांचा डोंगर, असा तो आलेख. डोंगर उजव्या भिंतीला चिकटला, तर पांढऱ्या वस्त्राचे तपशील बहुधा जळाले असें समजावें. पडद्याची शोभा पाहण्यापेक्षां हा आलेख आणि मोठें करून पाहण्याचें भिंगाचें चिन्ह यांवर भरंवसा ठेवणें अधिक शहाणपणाचें.

आतां पुसण्याचा प्रश्न. आर्चरच्या काळीं कांच महाग होती, म्हणून ती खरवडणें समजण्यासारखें होतें. फिल्म आल्यावर एक विलक्षण गोष्ट घडली: नापसंत चित्रहि उरूं लागलें. १९३५ नंतर अमेरिकन सरकारनें मंदीच्या काळांतील खेड्यापाड्यांचीं छायाचित्रें घेण्यास डोरोथिआ लँग, वॉकर एव्हान्स अशा कलावंतांना नेमलें. त्या खात्याचा प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला भोंक पाडीत असे, म्हणजे ती कोणी छापूं नये. पण त्या निगेटिव्ह टाकल्या गेल्या नाहींत. सुमारें पावणेदोन लाख निगेटिव्हचा तो संग्रह वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयांत आहे, आणि मधोमध काळें वर्तुळ असलेलीं तीं भोंकाचीं चित्रें अभ्यासक आज कुतूहलानें पाहतात. त्या वेळच्या अधिकाऱ्याला काय नको होतें, हेंहि आपणांस त्यांवरून कळतें.

दुसरें उदाहरण अलीकडचें. १९९६ सालीं वॉशिंग्टनमधील एका समारंभांत डर्क हालस्टेड या वृत्तछायाचित्रकारानें राष्ट्राध्यक्ष क्लिंटन गर्दींतील एका तरुणीला आलिंगन देत असतांनाचें चित्र घेतलें. त्या दिवशीं त्या चित्राला कवडीची किंमत नव्हती. १९९८ सालीं मोनिका लुइन्स्की हें नांव जगभर झालें, तेव्हां हा चेहरा आपण पूर्वीं पाहिला आहे असें हालस्टेडला स्मरलें. जुन्या हजारों स्लाइड चाळल्यावर ती एक सांपडली आणि ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर छापली गेली. फिल्मवर असल्यामुळेंच तें चित्र उरलें, असें हालस्टेड सांगत असे. डिजिटल कॅमेरा हातांत असता, तर असलें निरुपयोगी चित्र त्याच संध्याकाळीं पुसलें गेलें नसतें, असें कोणीं म्हणावें?

राजकारणाची गोष्ट सोडा. आपल्या घरींहि हाच प्रश्न आहे. आजोबांचे डोळे मिटले, म्हणून आपण चित्र पुसतों. पण त्याच चित्रांत मागच्या भिंतीवरील पंचांग, कोनाड्यांतील दिवा आणि दारांत उभी राहिलेली मोलकरीण असते, आणि तीं दुसऱ्या कोणत्याहि चित्रांत नसतात. पन्नास वर्षांनीं आजोबांचे डोळे उघडे होते कीं मिटलेले, याचें महत्त्व कमी होईल आणि त्या कोनाड्याचें वाढेल. चित्र घेतांना आपण छायाचित्रकार असतों. पुसतांना मात्र आपण दफ्तरदार असतों, आणि त्या कामाची तयारी आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं केलेली असते.

म्हणून चार साध्या गोष्टी सांगतों. पहिली, कॅमेरा प्रथम सुरू करतांना जें घड्याळ लावावयास सांगतो, तें नीट लावावें. १९९५ पासून रूढ झालेल्या ‘एक्झिफ’ पद्धतीनें प्रत्येक चित्राच्या पोटांत दिवस आणि वेळ लिहिली जाते. घड्याळ चुकलें, तर पुढील पिढीच्या हातीं चुकीची बखर पडेल. दुसरी, अस्पष्ट किंवा अडचणीचीं चित्रें समारंभाच्या गडबडींत पुसूं नयेत. घरीं मोठ्या पडद्यावर, कांहीं दिवसांनीं निवाडा करावा. तिसरी, ‘प्रोटेक्ट’चें किल्लीसारखें चिन्ह चित्राला पुसण्यापासून वांचवितें, पण ‘फॉरमॅट’पासून वांचवीत नाहीं, हा भेद विसरूं नये. चौथी, चुकून पुसलेंच, तर त्या कार्डावर पुढें एकहि चित्र घेऊं नये. पुसल्यानें बहुधा यादींतील नोंद जाते, चित्र लगेच जात नाहीं. त्याच्या जागीं दुसरें लिहिलें जाईपर्यंत तें परत मिळविण्याची आशा असते.

आज बहुतेक घरांत हा कॅमेरा खिशांतील टेलिफोनमध्येंच असतो, आणि त्याच्या दोन्ही याद्या बोटाच्या एका टोकाखालीं आलेल्या आहेत. त्यांपैकीं पहिलीचा अभ्यास आपण केला नाहीं, तरी यंत्र आपल्या वतीनें निभावून नेईल. दुसरीचें काम मात्र आपणच केलें पाहिजे, आणि तें सावकाश केलें पाहिजे.