मुक्काम पोस्ट केप एव्हान्स

पहिली सूचना : जीभ तोंडातच ठेवा. ओठ कोरडे पडतील, ते जिभेनं ओले करावेसे वाटतील, आणि नेमके डोळा कॅमेऱ्याला लावलेला असतानाच वाटतील. अंटार्क्टिका मोहिमेचे छायाचित्रकार हर्बर्ट पॉन्टिंगसाहेबांचं असंच झालं. जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि क्षणात गोठून चिकटली. हिसका दिला तेव्हा टोकाची कातडी कॅमेऱ्यावरच राहिली. रक्त थांबेना म्हणून तोंडात रुमाल कोंबावा लागला. आणि आज दिवसभर तुम्ही याच साहेबांचे मदतनीस आहात.

तारीख 1 ऑगस्ट 1911. तुम्ही अंटार्क्टिकातल्या रॉस बेटावर, केप एव्हान्सला ज्वालामुखीच्या काळ्या रेतीत उभे आहात. दुपारचे बारा वाजलेत. उत्तरेला आभाळाच्या कडेशी जेमतेम तांबूस झाक आहे. तेवढाच आजचा दिवस. एप्रिलच्या शेवटी बुडालेला सूर्य अजून तीन आठवडे तरी उगवायचा नाही. अंगावर लोकरीचे थर, पायात रेनडिअरच्या कातड्याचे बूट, आणि हरवू नयेत म्हणून गळ्यातल्या नाडीला बांधलेले हातमोजे.

तिपाई खांद्यावर घ्या. समुद्र गोठून पायाखाली फरशीसारखा झालाय. त्यावरून चालत त्या अडकून पडलेल्या हिमनगापर्यंत जायचंय. खालून मधूनच करकर ऐकू येईल, मग एक लांब कण्हणं. भरती-ओहोटीनं बर्फ वरखाली होतो, त्याचा तो आवाज. घाबरू नका. निदान साहेबांना तसं दाखवू नका. उन्हाळ्यात आठ किलर व्हेल माशांनी खालून धडका देऊन त्यांच्या पायाखालचा बर्फ फोडला होता, तरी ते कॅमेरा घेऊनच पळाले.

आता जुळवाजुळव. बारीक स्क्रू फिरवायचा तर मोजा काढावाच लागतो. काढा. बोटाला धातू लागताच चटका बसतो, तापल्या तव्याला हात लागावा तसा. मग बोटांना काहीच कळेनासं होतं. लगेच मोज्यात हात घाला, मुठी आवळा, वळवळ करा. रक्त परत येताना मुंग्या येत नाहीत, सुया टोचतात. आणि भिंगाच्या जवळ श्वास सोडू नका. तुमची वाफ काचेवर बसली की तिचा बर्फ होतो, आणि तो बोटानं पुसायला गेलात तर बोटाचं काय होईल ते सुरुवातीलाच सांगितलंय.

अंधारात फोटो काढण्याची युक्ती साधी आहे. शटर उघडं टाकायचं, मॅग्नेशियमची पूड पेटवायची, शटर बंद करायचं. ती पूड तुमच्या हातात आहे. फस्स! क्षणभर हिमनग निळापांढरा होऊन अंगावर येतो, त्याची प्रत्येक भेग दिसते. मग काळाकुट्ट अंधार, डोळ्यांपुढं हिरवे ठिपके, नाकात जळका धूर. साहेब लांबून ओरडतात : आता दुसऱ्या बाजूनं एक. जा, धडपडत जा.

परतल्यावर कॅमेरा घरात नेऊ नका! गारठलेला कॅमेरा उबेत नेला की त्याला आतबाहेर घाम फुटतो आणि पुन्हा बाहेर आणल्यावर त्या घामाचा बर्फ होतो. त्याला बाहेर थंडीतच राहू द्या. आत फक्त फोटो उतरलेल्या काचा न्यायच्या.

दार उघडलं की पहिला मान वासाचा. 50 फूट लांब, 25 फूट रुंद लाकडी घर; भिंतींत गोणपाटात शिवलेलं वाळकं समुद्री शेवाळ; आणि आत 25 माणसांचा मुक्काम. पाइपचा तंबाखू, ओली लोकर, दिव्यांच्या ॲसिटिलीन गॅसचा उग्र दर्प, तव्यावरचं सीलचं मांस. बाजूलाच तबेला. तिथं कॅप्टन ओट्स सीलच्या चरबीवर चालणाऱ्या शेगडीपाशी बसून घोड्यांसाठी आंबोण शिजवतात. ती काळी, तेलकट काजळी तुमच्या केसांत बसणार आणि बसूनच राहणार.

तेवढ्यात घंटा वाजते. दचकू नका, पाव फुगलाय. आचारी क्लिसोल्डनं अशी करामत केलीय की पीठ पुरेसं वर आलं की विजेची जोडणी होऊन घंटा वाजते. एका कोपऱ्यात सिम्प्सन हवामानाची यंत्रं न्याहाळताहेत, कुणी ग्रामोफोनची चावी भरतंय, कुणी पियानोलावर पाय मारतंय. सगळ्यांना जागा कमी, सगळ्यांना मतं भरपूर.

या गडबडीत साहेबांची डार्करूम म्हणजे आठ फूट बाय सहा फुटांची खोली. इथंच ते काम करतात, इथंच झोपतात. दोघं आत शिरलात की कोपर कोपराला लागतं. लाल दिवा, हायपोचा वास, मांडणीवर बाटल्या. काचा धुवायला पाणी लागतं आणि इथं पाणी म्हणजे बाहेरून फोडून आणलेला, वितळवलेला बर्फ. एक एक पेला मोजून वापरा. जहाजावर तर याहून कठीण होतं. समुद्र लागलेला असताना साहेब एका हातात डेव्हलपिंगची थाळी आणि दुसऱ्या हातात उलटीचं भांडं धरून उभे असत.

थाळी हलवताना तुमच्या लक्षात येईल, की या काचेवर हिमनगाचे कंगोरे कसे लख्ख उतरलेत, पण करकर नाही, धूर नाही, तुमच्या बोटातल्या सुया नाहीत. लोक लंडनच्या दिवाणखान्यात हे चित्र बघून म्हणतील, किती शांत आहे!

रात्री दहाच्या सुमारास बाहेर गलका होतो. दारातून तीन माणसं आत येतात. माणसं म्हणायची, कारण कपडे बर्फानं पत्र्यासारखे कडक झालेत. विल्सन, बोवर्स आणि चेरी-गॅरार्ड. एम्परर पेंग्विनची अंडी आणायला पाच आठवड्यांपूर्वी भर अंधारात केप क्रोझियरला गेले होते. वाटेत पारा उणे 60 अंशांपर्यंत उतरला. हाती राहिली तीन अंडी. अंगावरचे कपडे शेवटी कापूनच काढावे लागतात. चेरी-गॅरार्डचे तेवढे कपडे उद्या सकाळी 24 पौंड भरतील!

टेबलावर पाव, जॅम, कोको. तिघं खायला बसतात आणि साहेब तुम्हाला कोपरानं ढोसतात. संकोच वाटतो ना? भुकेल्या माणसाच्या तोंडावर उजेड फेकायचा? वाटू द्या, पण हात थरथरू देऊ नका. फस्स! घरभर धूर, चारपाच जण खोकतात, एकदोन शिव्या तुमच्या नावावर जमा होतात. ते तिघं मात्र घास खाली ठेवत नाहीत.

पुन्हा लाल दिवा. काच थाळीत हळूहळू भरू लागते. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं : काजळीनं माखलेले चेहरे फिकट आणि टेबलावरचं उजळ ते काळं. डोळे मात्र उलटे होऊनही तुमच्याकडंच पाहतात. असे डोळे रशिया-जपान युद्धात मुकदेनला कैद्यांचे पाहिले होते, असं साहेब पुढं लिहितील. आत्ता ते काही बोलत नाहीत. पिंपात वाकून बघतात.

पाणी संपलंय. ही काच धुतल्याशिवाय टिकायची नाही आणि बर्फ आणायची पाळी मदतनिसाची असते. कुदळ घ्या, पोतं घ्या, निघा.