विनिपेग, 21 जून 1919

दुपारचे अडीच वाजत आलेत. कॅनडातल्या विनिपेगच्या मेन स्ट्रीटवर, सिटी हॉलसमोरच्या गर्दीत तुम्ही उभे आहात. शेजारच्या माणसाच्या कोटावर युद्धातलं पदक आहे. फ्रान्सच्या खंदकांतून जिवंत परतला, तर इथे पगार जिथल्या तिथे आणि महागाई आभाळाला भिडलेली.

15 मे रोजी सकाळी सात वाजता टेलिफोनच्या मुली कामावरून उठल्या. त्यांच्यामागून तीस हजार माणसं संपावर गेली. मागणी एवढीच, की पगार पोटापुरता द्या आणि आमच्या युनियनशी बोला. शहराचे हाल होऊ नयेत म्हणून पावाच्या-दुधाच्या गाड्या संप समितीच्या परवानगीची पाटी लावून फिरल्या. हेलन आर्मस्ट्राँगच्या भोजनगृहात संपकरी मुलींना फुकट जेवायला मिळतं. मालकांच्या 'हजारी समिती'ने मात्र या संपाला बोल्शेविक क्रांती ठरवलं आणि दोष परदेशी मजुरांवर ढकलला.

संप न जुमानता चालवलेली एक ट्राम समोरून येते. लोक ती अडवतात, गदागदा हलवतात. काचा फुटतात, आतल्या बाकांना आग लागते. तेवढ्यात घोडेस्वार पोलीस गर्दीत घुसतात, काही लाल डगल्यात, काही खाकीत. आधी दंडुके, मग पिस्तुलं. महापौर चार्ल्स ग्रे दंगलीचा कायदा वाचून दाखवतात. गर्दीतला माइक सोकोलोव्स्की जागीच ठार होतो. जखमी झालेला आणखी एक जण पुढे दगावेल. दोघंही पूर्व युरोपातून आलेले.

जालियनवाला बागेला जेमतेम दोन महिने झालेत. तिथल्या शेकडो मृत्यूंशी याची बरोबरी होणार नाही. पण साम्राज्य तेच आणि त्याची भीतीही तीच. चार दिवसांपूर्वी पकडलेल्या संपाच्या पुढाऱ्यांवर राजद्रोहाच्या कटाचा खटला चालेल. 1908 साली मुंबईत राजद्रोहासाठीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, आणि गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या होत्या. साम्राज्यवाद म्हणजे गोऱ्यांची काळ्यांवर सत्ता, एवढंच शिकून आपण थांबतो. या रस्त्यावर दिसतं, की हक्क मागणारा गोरा मजूरही साम्राज्याला शत्रूच वाटत होता.

तरी गोऱ्यागोऱ्यांतही साम्राज्याने उतरंड राखली. 26 जूनला संप मिटला. पकडलेल्या पुढाऱ्यांपैकी रॉबर्ट रसेलला दोन वर्षांची कैद झाली. विल्यम आयव्हन्स, जॉन क्वीन आणि हेलनचे पती जॉर्ज आर्मस्ट्राँग 1920 साली तुरुंगातूनच मॅनिटोबाच्या विधानसभेवर निवडून आले. हे सारे ब्रिटिश प्रजाजन, त्यांना निदान ज्युरीपुढे उभं राहता आलं. पकडलेल्या परदेशी मजुरांना तेवढंही मिळालं नाही. काहींना कापुस्केसिंगच्या छावणीत डांबलं, काहींना देशाबाहेर काढलं. विनिपेगच्या संपाची गोष्ट सांगाल तेव्हा या मजुरांना वगळू नका.