व्हेगाचा निळा धूर

अमेरिकेत शिकायला आलेला प्रत्येक जण पहिली जुनी गाडी घेताना एक प्रश्न विचारतोच, "ही कधी तापली होती का?" विकणाऱ्याचं उत्तर नेहमी "नाही". मग इंजिनालाच विचारावं लागतं. माझं संशोधन धातूंचं, म्हणून या विषयात मला शेवरोले व्हेगा आठवते.

जनरल मोटर्सने ही गाडी सप्टेंबर १९७० मध्ये आणली. २.३ लिटरचं इंजिन, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात सुमारे १७ टक्के सिलिकॉन, आणि सिलिंडरला लोखंडी लायनरच नाही! बोअरच्या पृष्ठभागावरचं अ‍ॅल्युमिनियम किंचित खरवडलं की सिलिकॉनचे कठीण कण उघडे पडतात, पिस्टन त्यांच्यावरून सरकतो. कल्पना चांगलीच होती. पुढे पोर्शने ९२८ मध्ये असाच ब्लॉक वापरला.

पण व्हेगाचं हेड बिडाचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यात रेडिएटर छोटा, कूलंट बेताचं. ते जरा कमी झालं की इंजिन तापायचं, सिलिंडर वरच्या बाजूला वाकडे व्हायचे, हेड गॅस्केट जायचं, बोअर ओरखडायचे. मग गाडी ऑइल प्यायला लागायची.

लोकांच्या लक्षात राहिला तो हा शेवटचा भाग. मागून निळा धूर दिसला की "ब्लॉक गेला" असा निकाल. मला हा निकाल घाईचा वाटतो, कारण या इंजिनांचे व्हॉल्व्ह सील कडक होऊन तडकायचे आणि त्यानेही तसाच धूर यायचा. सील बदलणं किरकोळ काम, ब्लॉकला लायनर बसवणं म्हणजे पूर्ण इंजिन खोलणं. स्वस्तातली गाडी घेतलेल्या माणसाला हा फरक फार महाग पडतो.

फरक ओळखता येतो. रात्रभर उभी राहून सकाळी चालू करताना धुराचा एक लोट येऊन थांबला, तर संशय सीलवर. चढावर सतत धूर, तर रिंग किंवा बोअर. कॉम्प्रेशन कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढलं तर बोअर-रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट. गळती न दिसता कूलंट घटतंय, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल आहे, तर मी तरी भाव न करता निघून येईन.

१९७६ मध्ये कंपनीने सुधारित इंजिनावर ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची हमी दिली. १९७७ मध्ये उत्पादन थांबलं. तोवर सुमारे २० लाख गाड्या बनल्या होत्या. दुरुस्तीला आलेल्या ब्लॉकमध्ये गॅरेजवाले पोलादी लायनर बसवत होते, ज्याचा खर्च वाचवायला तो ब्लॉक बनवला होता.